आधी काटा, मग कॅम्पर : पिकअपच्या वजनाचा हिशेब आणि कॅट स्केलची सेवा

पिकअपच्या हौद्यात बसवायचा ट्रक कॅम्पर, म्हणजे प्रवासात राहण्याची छोटी खोली, घेण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी कॅम्परच्या दुकानाची पायरी चढण्याआधी आपल्या रिकाम्या गाडीचा काटा करून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेत त्यासाठी सर्वांत सोयीची आणि विश्वासाची जागा म्हणजे महामार्गांवरच्या ट्रक स्टॉपमध्ये असणारा कॅट स्केलचा वजनकाटा. हे परीक्षण त्याच सेवेचे आहे. मात्र ते कॅम्परवाल्याच्या गरजेतून लिहिले आहे, कारण अठरा चाकी मालमोटारींसाठी उभारलेला हा काटा खासगी पिकअपलाही खुला आहे आणि त्याचा उपयोग करून घेणारी कुटुंबे मला फार थोडी दिसतात.

कॅट स्केल ही कंपनी बिल मून यांनी १९७७ मध्ये आयोवा राज्यातल्या वॉलकॉट या गावी सुरू केली. आज अमेरिका आणि कॅनडा मिळून तिचे २,००० हून अधिक काटे आहेत. पायलट, फ्लाइंग जे, लव्हज, टीए अशा मोठ्या ट्रक स्टॉपच्या आवारात पिवळ्या-काळ्या रंगाची तिची उंच पाटी दुरूनच दिसते. साखर कारखान्यावर उसाच्या गाडीचा आधी भरलेला आणि मग रिकामा काटा होतो, ते दृश्य आपल्याकडच्या पुष्कळांनी पाहिलेले आहे, तत्त्व तेच. फरक इतकाच की इथे एका लांबलचक फळीऐवजी एकापुढे एक अशा वेगवेगळ्या फळ्या असतात आणि प्रत्येक फळीवर आलेल्या ॲक्सलचे, म्हणजे चाकांच्या आसाचे, वजन स्वतंत्रपणे नोंदले जाते. त्यामुळे पुढच्या चाकांवर किती, मागच्या चाकांवर किती आणि एकूण किती, हे तिन्ही आकडे एकाच पावतीवर मिळतात. कॅम्परच्या हिशेबात खरी किंमत या वाटणीला आहे. या काट्यावर वजन मर्यादेत असल्याची पावती असूनही एखाद्या मालमोटारीला जादा वजनाचा दंड झालाच, तर तो दंड भरण्याची किंवा न्यायालयात साक्षीला उभे राहण्याची हमी कंपनी देते. आपल्याला त्या हमीचा थेट उपयोग नसला, तरी काट्याच्या अचूकतेविषयी ती पुरेसे सांगून जाते.

आता मुळात काटा करायचा कशासाठी, ते पाहू. अमेरिकेत पिकअप गाड्यांना अर्धा टनी, पाऊण टनी, एक टनी असे म्हणण्याची पद्धत आहे. ही नावे फार जुन्या काळातली असून आजच्या गाड्यांच्या प्रत्यक्ष क्षमतेशी त्यांचा काहीही संबंध उरलेला नाही. गाडी किती ओझे वाहू शकते, म्हणजे तिचा पेलोड किती, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पांढऱ्या-पिवळ्या पट्टीवर लिहिलेले असते. माणसे आणि सामान यांचे एकत्रित वजन अमुक किलो किंवा पाउंडांपेक्षा जास्त होता कामा नये, असे तिथे स्पष्ट वाक्य असते. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन गाड्यांवर हा आकडा वेगळा असू शकतो, कारण डिझेल इंजिन, चार दरवाजे, चारही चाकांना गती देणारी यंत्रणा, काचेचे छप्पर, चामडी आसने अशा प्रत्येक गोष्टीचे वजन त्यातून वजा झालेले असते. जाहिरातीत झळकणारा कमाल पेलोड बहुधा सर्वांत साध्या, दोन दरवाजांच्या, कोणतीही चैन नसलेल्या गाडीचा असतो आणि तशी गाडी कुटुंबासाठी क्वचितच कुणी घेते. चार दरवाजांच्या सजवलेल्या अर्धा टनी गाड्यांच्या पट्टीवर १,५०० ते १,८०० पाउंड असा आकडा पुष्कळदा दिसतो, आणि त्यात चालकासकट सर्व माणसे धरायची असतात.

ही पट्टी लावणे ज्या नियमाने सक्तीचे आहे, तो नियम कमाल एकूण वजन १०,००० पाउंडांपर्यंत असलेल्या गाड्यांनाच लागू होतो. त्यापुढच्या एक टनी गाड्यांना ही पट्टी बंधनकारक नाही. तिथे दुसऱ्या पट्टीवर दिलेले कमाल एकूण वजन, ज्याला इथे जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात, आणि प्रत्येक ॲक्सलची कमाल मर्यादा यांवरून हिशेब मांडावा लागतो. त्या हिशेबाला रिकाम्या गाडीचे खरे वजन लागते आणि ते काट्याखेरीज कुठेही मिळत नाही. शिवाय पट्टीवरचा आकडा कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीचा असतो. त्यानंतर हौद्यात टाकलेली रबरी चटई, अवजारांची पेटी, जड पायपट्ट्या, बदललेले टायर यांतले काहीही त्या पट्टीला ठाऊक नसते.

माझी गाडी पेट्रोलवर चालणारी, चार दरवाजांची, पाऊण टनी म्हणवली जाणारी पिकअप असून तिची एकूण वजनाची मर्यादा १०,००० पाउंड म्हणजे सुमारे ४,५३६ किलो आहे. दारावरची पट्टी ३,०५० पाउंड पेलोड सांगते. आम्ही टाकी काठोकाठ भरली, आम्ही दोघेही गाडीत बसलो, नेहमीचे सामान जिथल्या तिथे राहू दिले आणि डेन्व्हरजवळच्या एका ट्रक स्टॉपमधल्या काट्यावर गेलो. पद्धत अगदी सोपी आहे. पुढची चाके पहिल्या फळीवर आणि मागची चाके दुसऱ्या फळीवर येतील अशी गाडी सरळ उभी करायची आणि दोन फळ्यांमधली फट दोन्ही ॲक्सलांच्या मध्ये आल्याची खात्री करून घ्यायची. मग बाजूच्या खांबावरचे बटण दाबून पहिलेच वजन आहे की फेरवजन, ते सांगायचे. मालमोटारींच्या उंच केबिनचा विचार करून बोलण्याचा पेटारा बराच वर बसवलेला असतो, त्यामुळे पिकअपमधून हात पोचायला थोडे ताणावे लागते. कंपनीचे नाव आणि गाडीचा क्रमांक विचारला, तर खासगी गाडी असल्याचे सांगितले की पुरते. नंतर गाडी काट्यावरून काढून बाजूला लावायची आणि आत इंधनाच्या खिडकीवर पैसे देऊन पावती घ्यायची. कंपनीचे ॲप फोनवर घेतले असेल, तर खिडकीपर्यंतही जावे लागत नाही. गाडीत बसल्या बसल्या आकडे फोनवर येतात. पहिल्या वजनाला १५ डॉलरच्या आसपास खर्च येतो आणि त्याच काट्यावर २४ तासांच्या आत पुन्हा वजन केले, तर बरीच कमी रक्कम घेतली जाते.

पावती हातात घेतल्यावर कागद अगदी साधा वाटतो. स्टिअर (पुढचा) ॲक्सल ४,२६०, ड्राइव्ह (मागचा) ॲक्सल ३,१२०, ट्रेलर ॲक्सल शून्य, एकूण ७,३८० पाउंड. सर्व आकडे २० च्या पटीत असतात, कारण काटा तेवढ्याच अंतराने वाचतो. दहा हजारांतून ७,३८० वजा केले की उरतात २,६२० पाउंड. पट्टीवरच्या ३,०५० मधून आम्हा दोघांचे ३३० वजा केले, तर २,७२० उरायला हवे होते. मधले १०० पाउंड गाडीला जोडलेल्या लहानसहान वस्तूंनी खाल्ले, हे पावतीमुळे कळले. गाडीच्या कप्प्यातल्या कागदपत्रांमध्ये ट्रक कॅम्परसाठी आणखी एक आकडा असतो आणि तो याहून कमी दिसतो. नियमानुसार तो काढताना गाडीत जितकी आसने, तितकी प्रत्येकी १५० पाउंडांची माणसे आधीच वजा केलेली असतात. पाच आसनांची ७५० पाउंड वजा केल्यावर आमच्या गाडीचा तो आकडा २,३०० येतो. पाच जणांचे कुटुंब असेल तर तोच आकडा धरून चालावे. दोघेच प्रवास करणार असतील, तर काट्याची पावती अधिक उपयोगी.

ही पावती घेऊन आम्ही कॅम्पर पाहायला गेलो. आम्हाला आवडलेला, भक्कम भिंतींचा, आत छोटे स्नानगृह असलेला कॅम्पर माहितीपत्रकात २,०५० पाउंडांचा होता. विक्रेत्याच्या मते पाऊण टनी गाडीला तो सहज पेलणार होता. त्यावर त्याच्याशी वाद घालण्याची गरज पडली नाही, कारण प्रत्येक कॅम्परवर निर्मात्याने एक पट्टी लावणे केंद्रीय नियमाने बंधनकारक आहे आणि तिच्यावर नेहमीच्या उपकरणांसह, पाण्याची टाकी आणि गॅसच्या नळकांड्या भरलेल्या असताना कॅम्परचे वजन किती, ते लिहिलेले असते. आम्ही ती पट्टी शोधून वाचली. आकडा २,३९० पाउंड. एका गॅलन पाण्याचे वजन ८.३४ पाउंड धरले, तर ३० गॅलनांची टाकीच २५० पाउंडांची होते. उरलेली वाढ गॅस आणि शीतकपाट यांची. त्या कॅम्परला वातानुकूलन, बाहेर उघडणारी कनात, दुसरी बॅटरी आणि सौरपट्टी हे सर्व जोडलेले होते. या जास्तीच्या वस्तू पट्टीवर धरलेल्या नसतात आणि त्यांचे मिळून आणखी १९० पाउंड होत होते. कपडे, अंथरुणे, भांडी, शिधा, खुर्च्या यांचे ३०० पाउंड धरले, आणि हा अंदाज कमीतच कमी आहे, तर बेरीज २,८८० होते. आमच्याजवळ २,६२० होते. २६० पाउंडांचे जादा ओझे घेऊन डेन्व्हरच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्याच्या ११,००० फुटांच्या उंचीवरून पलीकडे उतरणे आम्हाला मान्य नव्हते. उतारावर ब्रेक तापतात, वळणावर उंच कॅम्पर गाडीला बाहेरच्या बाजूला ओढतो आणि मागचे टायर आपल्या मर्यादेच्या काठावर असतात. तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असतात, म्हणून मर्यादेच्या आत थोडी मोकळीक राहणे मला अत्यावश्यक वाटते.

शेवटी आम्ही छप्पर वर उचलता येईल असा, वरच्या भागात कापडी भिंती असलेला पॉप-अप कॅम्पर घेतला. माहितीपत्रकात त्याचे वजन १,३५० पाउंड आहे. तो बसवून, पाणी, गॅस आणि सर्व सामान भरून, आम्ही दोघे बसून त्याच काट्यावर पुन्हा वजन केले. पुढे ४,३२०, मागे ५,०२०, एकूण ९,३४०. म्हणजे १,३५० चा कॅम्पर प्रत्यक्षात १,९६० पाउंड घेऊन बसला होता आणि माहितीपत्रकापेक्षा ६१० पाउंड जास्त भरला होता. वीस गॅलन पाणी, भरलेली गॅसची नळकांडी, जास्तीची बॅटरी, बांधणीची साखळी-साधने, कनात, शिधा आणि कपडे एकेक करून मोजले, की ही वाढ जिथल्या तिथे सापडते. कॅम्पर निवडणाऱ्यांनी माहितीपत्रकातल्या आकड्यावर निदान पाचशे-सहाशे पाउंड चढवूनच विचार करावा. भक्कम भिंतींच्या मोठ्या कॅम्परला ही वाढ आणखी जास्त होते.

या दुसऱ्या पावतीतली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुढच्या ॲक्सलवर वाढलेले ६० पाउंड. हौद्यातल्या ओझ्याचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे असेल, तर थोडे वजन पुढच्या चाकांवर येते आणि स्टिअरिंगची पकड टिकते. तो ॲक्सलच्या मागे गेला, तर तरफेसारखे उलटे घडते, पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी वळायला ऐकत नाही. म्हणूनच कॅम्परच्या कागदपत्रांमध्ये त्याचा गुरुत्वमध्य कुठे आहे ते दिलेले असते आणि गाडीच्या कागदपत्रांमध्ये तो हौद्याच्या कोणत्या पट्ट्यात यायला हवा ते दिलेले असते. साडेपाच फुटी हौद्याच्या गाडीत आठ फुटी हौद्यासाठी बनवलेला कॅम्पर बसवला की नेमकी इथेच अडचण होते. पेलोडचा एकूण आकडा जुळतो आणि तरीही गाडी धोक्याची ठरते. ही गोष्ट दारावरची पट्टी सांगू शकत नाही. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीच्या दोन पावत्या शेजारी ठेवून पुढच्या ॲक्सलचा आकडा पाहिला, की ती लगेच कळते. भरल्यावर पुढचा आकडा रिकाम्यापेक्षा कमी आला असेल, तर सामान पुढे सरकवावे, आणि तरीही तो वाढत नसेल, तर तो कॅम्पर त्या गाडीचा नाही असे समजावे.

फेरवजनाची सवलत आम्ही पाण्यासाठी वापरली. युटाच्या वाळवंटी भागात मोआबच्या आसपास मोकळ्या जागेत मुक्काम करायचा, तर पाणी बरोबर न्यावेच लागते. टाकी रिकामी ठेवून वजन वाचवण्याचा उपाय तिथे चालत नाही. म्हणून आधी टाकी रिकामी ठेवून वजन केले आणि ती भरून पुन्हा केले. रिकाम्या टाकीचे आकडे पुढे ४,३०० आणि मागे ४,८८० असे आले होते. पाण्याचे बहुतेक सर्व वजन मागच्या ॲक्सलवर पडते, हे त्यातून कळले, आणि इतर जड सामान समोरच्या कपाटात ठेवायचे हेही त्यावरूनच ठरले.

कित्येक जण हौदा खाली बसू लागला की मागे हवेच्या पिशव्या किंवा जास्तीचे पाटे बसवतात. त्याने गाडी सपाट दिसते, डोलणे कमी होते, प्रवास सुखाचा होतो, आणि मर्यादेच्या आत असलेल्या गाडीला ते जरूर बसवावेत. पण गाडीची एकूण मर्यादा त्याने एका पाउंडानेही वाढत नाही, कारण ॲक्सल, ब्रेक, चाके आणि सांगाडा तेच राहतात. टायरच्या बाबतीतही काट्याची पावती फार उपयोगी पडते. टायरच्या कडेला असलेला भार-निर्देशांक पाहावा. आमच्या टायरचा १२१ आहे, म्हणजे पुरेशी हवा असताना एक टायर १,४५० किलो पेलतो. मागच्या ॲक्सलवरचे ५,०२० पाउंड म्हणजे सुमारे २,२७७ किलो, दोन टायरांची क्षमता २,९०० किलो. आकडे असे समोर आले, की टायरमध्ये हवा किती भरायची, हे टायर कंपनीच्या तक्त्यावरून नक्की ठरवता येते.

सेवेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हा काटा डावी-उजवी वाटणी देत नाही. कॅम्परमध्ये एका बाजूला स्वयंपाकाचा ओटा आणि शीतकपाट, तर दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी असते, आणि दोन्ही बाजूंमध्ये दोनशे-तीनशे पाउंडांचा फरक सहज पडू शकतो. तो जाणून घ्यायचा असेल, तर एस्केपीज या कॅम्परवाल्यांच्या संघटनेची स्मार्टवे ही सेवा टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टन, ॲरिझोनातल्या काँग्रेस आणि फ्लोरिडातल्या बुशनेल या ठिकाणी आहे. तिथे प्रत्येक चाकाचे वेगळे वजन करून देतात; वाट वाकडी करून जावे लागले तरी मोठ्या कॅम्परसाठी ते सार्थकी लागते. ऑरेगनमध्ये बंद असलेल्या सरकारी तपासणी काट्यांचे आकडे पुष्कळदा चालू ठेवलेले असतात आणि तिथे फुकटात एकेका ॲक्सलचे वजन वाचता येते, पण पावती मिळत नाही. कॅट स्केलवर संध्याकाळी मालमोटारींची रांग असते आणि ते लोक कामावर असतात, तेव्हा सकाळी उशिरा जावे, काट्यावर उभे राहून फोटो काढत बसू नये आणि वजन झाल्याचे कळताच गाडी पुढे घ्यावी.

ज्यांची गाडी आधीच ठरलेली आहे, त्यांच्यासाठी हा क्रम पुरेसा आहे. कॅम्पर आधी आवडला आणि गाडी अजून घ्यायची आहे, अशांनी उलट दिशेने यावे. भरलेल्या कॅम्परचे वजन, माणसांचे वजन आणि त्यावर निदान दहा टक्के मोकळीक इतकी बेरीज करून, त्याहून मोठा आकडा दारावर असलेलीच गाडी पाहावी. स्नानगृह असलेल्या भक्कम भिंतींच्या कॅम्परसाठी ही बेरीज बहुतेक वेळा एक टनी गाडीपर्यंत पोचते, आणि कॅम्परला बाहेर सरकणाऱ्या भिंती असतील, तर मागे चार चाके असलेल्या गाडीपर्यंत. अर्धा टनी गाडी असणाऱ्यांनी हलका पॉप-अप किंवा नुसते कापडी छत असलेला सांगाडाच पाहावा. गाडी विकणाऱ्याला दारावरच्या पट्टीचा फोटो आधीच पाठवायला सांगावा. जो पाठवत नाही, त्याच्याकडे प्रत्यक्ष जाण्याचा वेळ वाचतो. गाडी घेतल्याच्या दिवशीच, हौद्यात काहीही टाकण्याआधी, टाकी भरून पहिला काटा करावा. ती पावती गाडीच्या कप्प्यात राहू द्यावी, कारण पुढे जोडलेल्या प्रत्येक वस्तूचा हिशेब तिच्यावरूनच मांडायचा असतो.